ओरडणारी गोलकीपर

"बाई, तिला गोलात नका उभं करू. ती बोलत नाही हो."

"मला बोलणारी नकोच आहे. ओरडणारी हवी," शिट्टीबाई म्हणाल्या. "गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं. तिनं नाही ओरडायचं तर कुणी?"

शाळेतून निवृत्त झाल्यापासून शिट्टीबाई शनिवार-रविवारी सकाळी मुलींना फुटबॉल शिकवत. गळ्यातली शिट्टी त्या झोपतानाही काढत नसाव्यात.

मुलीचा बाबा गोलाकडे बघू लागला. समोर दोन खांबांच्या मधे त्याची नऊ वर्षांची मुलगी उभी होती. हातमोजे कोपरापर्यंत आलेले. आठ महिन्यांपूर्वी तिची आई गेली, तेव्हापासून घरात "हं" आणि "नको", तेही कुजबुजल्यासारखं. शाळेत तेवढंही नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, मैदानावर ने.

तो इस्पितळात एक्स-रे काढायचा. दिवसभर अनोळखी माणसांना "श्वास रोखा, हलू नका" सांगायचा. घरी आल्यावर त्याला वाटायचं, इथंही कुणीतरी हेच सांगून निघून गेलंय आणि "सोडा" म्हणायचं विसरलंय.

पहिल्या रविवारी ती गुडघे सोलून घरी आली. तिसऱ्या रविवारी तिनं आपणहून ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आधी तास तास छताकडे बघत पडायची, ती आता पाठ टेकली की झोपायची. मुलींनी तिचं नाव 'भिंत' ठेवलं. एकदा गोल खाल्ल्यावर बचावातली झिपरी, कपाळावरच्या केसांतून कसंबसं बघणारी, तिच्या गळ्यात हात टाकून खिदळत होती. भिंतही हसत होती. आवाज न करता.

मग दुसऱ्या संघाशी सामना ठरला. मध्यंतरापर्यंत आपल्या मुलींनी तीन गोल खाल्ले, नंतर चौथा. शेवटी शेवटी एक चेंडू उंच आला. झिपरी वर बघत मागे मागे पळत होती, भिंत पुढे धावत होती. दोघी आता आदळणार!

"सोड! माझा आहे!"

झिपरी जागीच थबकली. चेंडू भिंतीनं छातीशी घट्ट धरला.

"ऐकलंत ना, मुलीचे बाबा?" शिट्टीबाई ओरडल्या.

त्यानं ऐकलं होतं. 'आहे' वर चढून शेवटी किंचित फाटणारा आवाज. स्वयंपाकघरातून हाक मारताना तिच्या आईचा आवाज अस्साच फाटायचा. फोनमध्ये बायकोचे फोटो शेकड्यांनी होते, आवाज मात्र कुठंच नव्हता. गेले दोन महिने त्याला तो आठवेनासा झाला होता. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

"ऐकलं," तो म्हणाला. मैदानाच्या कडेच्या नळाशी गेला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

घरी जाताना तिची टकळी सुरूच होती. झिपरीला उंच चेंडू दिसतच नाही, तिचे केस कापायला हवेत, शिट्टीबाई पुढच्या वेळी नवीन हातमोजे देणार आहेत.

"चार गोल खाल्ले, बाबा. पण पाचवा नाही ना खाल्ला?"

"नाही. पाचवा नाही."

"तुम्ही रडलात का?"

"घाम गं. ऊन किती होतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं बोट धरलं.

घरी पोचताच ती चिखलासकट न्हाणीघरात शिरली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग थांबला.

"बाबा, टॉवेल!"

टॉवेल त्याच्या हातातच होता. तो दारापासून वीतभर अंतरावर उभा होता. पण बोलला नाही.

"बाबाऽ! ऐकू येतंय का?"

आवाज शेवटी फाटला. त्यानं डोळे मिटले. टॉवेल छातीशी धरून आणखी एका हाकेची वाट पाहिली आणि मग दारावर टकटक केली.