आले म्हंजी कोण आले?

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. आजवर आमच्या तेर गावात कुणीच ठेवलेला नाही. पण मी जे ऐकलं ते या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही, आणि मी जेवढा घाबरलो तेवढं तर माणूस घाबरूच शकत नाही.

मी एक जुना हेडफोन आहे. बिरदेवच्या घरात घोंगडीशेजारच्या खिळ्याला लटकलेला दिसतो ना, तोच. तुम्ही सगळे बिरदेवच्या लेकीला, करिश्माला मिळालेली ढाल बघायला आलात, हे मला ठाऊक आहे. ती तिकडं फळीवर आहे. बघून झाली? आता बसा खाली. ढाल काही बोलत नाही, मी बोलतो.

माझा जन्म कुठं झाला ते मला माहीत नाही. एका लांबच लांब शेडमध्ये माझ्यासारखे लाखभर रांगेनं पडले होते, एवढं आठवतं. मग खोक्यातला अंधार. तिथूनच माझा भित्रेपणा सुरू झाला. खोकं उघडलं तेव्हा मी कळंबच्या बाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात होतो. दुकानदारानं मला हुकाला अडकवलं. रस्त्यावरून एसटी गेली की माझी वायर थरथरायची. भीतीमुळं कान फार तयार होतात, मित्रांनो. माझे इतके तयार झाले, की तिकडं ईट गावाला मुंगी शिंकली तर इकडं कळंबला मी दचकायचो.

हसा. मी म्हणालोच होतो.

मला घेतलं कृष्णराजनं. हा कळंबच्या एका भुसार व्यापाऱ्याचा मुलगा, मोबाईलवरच्या नेमबाजीच्या खेळाचा वेडा. त्या खेळात तिघांचा एक संघ, समोर दुसरे तिघं. मध्ये एक पडकी गिरणी. एका संघानं ती राखायची, दुसऱ्यानं आत घुसायचं. गोळी लागली की तो गडी त्या डावापुरता मेला. ऐकायला सोपं वाटतं. पण तिथं डोळ्यांपेक्षा कानांचं काम जास्त. शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं वाजतात, आणि ती सगळ्यांत आधी मला ऐकू यायची. ठप. ठप. ठप. पाठीमागून. माझा स्पंज घामानं भिजून जायचा. लोक म्हणायचे, कृष्णराजच्या कानांना फार घाम येतो. तो घाम माझा होता.

दोन वर्षं त्यानं मला डोक्यावर मिरवलं. मग नवा, दिवे लागणारा हेडफोन आला आणि मी खणात गेलो. खणात एक मेलेली बॅटरी आणि एक जिवंत झुरळ. त्या चार महिन्यांबद्दल मी बोलणार नाही.

खणातून मला बाहेर काढलं ते करिश्मासाठी. ती तेरची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. कृष्णराजच्या संघात ती आणि ईटचा मल्हार, असे तिघं तीन गावांत आपापल्या घरी बसून खेळायचे. कृष्णराज मला तिच्या हातात देत म्हणाला, "जुना हाय, पण चालतोय." माझी पट्टी तडकलेली होती. करिश्माच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, ती लोकरीच्या दोऱ्यानं गच्च बांधली. नवीन घरात मला पहिल्यांदाच थोडं निर्धास्त वाटलं. ते पहिला डाव सुरू होईपर्यंत टिकलं.

कारण संघ कसा होता ते ऐका.

"उजवीकडं! उजवीकडं!"

"कुणाच्या उजवीकडं रं?"

"माझ्या!"

"तू तर मेलायस, कृष्णराज!"

"मेलोय म्हणूनच सांगायलोय ना!"

तिघंही एकदम बोलायचे. मेल्यावर कृष्णराज जेवढा बोलायचा, तेवढा जिवंतपणी कधी बोलला नाही. एक जण पुढं धावायचा, दुसऱ्याला पत्ता नसायचा. आणि या सगळ्या कालव्याखाली मला एकट्याला ती पावलं ऐकू यायची.

मग तो सराव सामना झाला. खरी स्पर्धा पुढच्या रविवारी कळंबला होती. करिश्मा गिरणीच्या मागच्या जिन्यावर राखण करत होती, कृष्णराज आणि मल्हार पुढच्या दाराशी. कृष्णराजनं तिला विचारलं, "पुढं येतीस का?" तेवढ्यात मला मागून पावलं ऐकू आली. दोघांची. माझ्या वायरीतून काटा सरकला. करिश्मानंही ऐकलं आणि ती ओरडली, "आले! आले!"

कृष्णराजला वाटलं, ही येतेय. त्यानं धाडकन दार उघडलं, मल्हार त्याच्यामागं. आणि पाठीमागून जिन्यावरून ते दोघं. मित्रांनो, तीन जीव तीन सेकंदांत गेले.

"तू आले म्हणलीस म्हणून दार उघडलं मी!"

"अरे, मी कुठं आले? ते आले!"

"मग तसं सांगायचं ना! आले म्हणलं की मला काय कळणार?"

खरंच काय कळणार? मुलगा स्वतःबद्दल "आलो" म्हणतो, तिथं घोळ होत नाही. मुलगी "आले" म्हणाली की ती स्वतः आली, आणि शत्रू आले तरी "आले"च. त्या एका शब्दानं मला जेवढं भिववलं तेवढं कुठल्या बंदुकीनं भिववलेलं नाही.

मल्हार मध्ये पडायला गेला. कृष्णराजनं ऐकलं नाही. "रविवारी असं परत झालं तर करिश्मा बाहेर. दुसरा गडी बघून ठेवलाय मी."

करिश्मानं मला काढून मांडीवर ठेवलं. दिवसभर सगळे तिला काय कर ते सांगायचे; "काय करू?" असं तिला विचारणारे हे दोघंच होते, तेही डावापुरते. तेवढी जागा गेली असती, तर तिच्यापाशी काय उरलं असतं, ते माझ्यासारख्या वस्तूलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच सराव करत होती. मेंढरं परत आली होती. तिचे वडील, बिरदेव, उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढत होते. पावलं वाजली आणि करिश्मा पुन्हा ओरडली, "आले! आले!"

बिरदेव काटा सोडून तटकन उठले. दारात कुणीच नव्हतं.

"आले म्हंजी कोण आले? तू आलीस का लांडगे आले?"

"लांडगे, दादा."

"मग कुठनं?"

"जिन्यावरनं."

"किती?"

"दोन."

"मग तसं वरड की! आमी रानात नुस्तं आले आले केलं असतं तर एकबी मेंढरू राह्यलं नसतं. आदी जागा, मग किती, मग तोंड गप. 'वढा, दोन.' बास. म्होरचा म्होरं बघतो, मागचा मागं. हाक आल्याबिगर म्होरच्यानं वळायचं न्हाय. तो वळला की समदा कळप वळतोय."

करिश्मानं हसत विचारलं, "आन् ज्याला लांडग्यानं धरलं त्यानं?"

"त्यानं काय भाषण करायचं व्हय?"

तिनं त्याच संध्याकाळी हे दोघांना सांगितलं. मल्हार लगेच हो म्हणाला. कृष्णराज फुरंगटला. "आता मेंढरं राखून खेळ शिकायचा का?"

करिश्मा म्हणाली, "तुमच्या आडतीवर हमाल ट्रकमधनं काय आले आले म्हणून वरडतो का? कुठली थप्पी, किती पोती, एवढंच सांगतो ना?"

मग कृष्णराज म्हणाला, "बरं. मेल्यावर गप बसतो. पण लई अवघड हाय."

मग सगळ्या जागांना नावं पडली. दार, जिना, टाकी, धुराडं. ज्याला दिसेल त्यानंच बोलायचं. एकट्यानं कुठं घुसायचं नाही; एक गेला तर दुसऱ्यानं हाताच्या अंतरावर राहायचं, म्हणजे पहिला पडला तर मारणाराही तिथंच पडतो. पाच दिवस हेच. संघ सुधारला, पण माझे हाल झाले. पूर्वी कालव्यात माझी भीती लपून जायची. आता तिघं गप असायचे आणि त्या शांततेत फक्त पावलं वाजायची. ठप. ठप. शांतता फार वाईट, मित्रांनो.

रविवार आला. कळंबचं मंगल कार्यालय, वर पंखे, समोरासमोर टेबलं. लक्ष्मीबाई लेकीबरोबर आल्या होत्या. शेवटचा सामना धाराशिवच्या संघाशी, आणि दोघांनी तीन-तीन डाव जिंकल्यावर शेवटचा डाव. मल्हारला गोळी लागली. "टाकी, एक," एवढं बोलून तो गप झाला. टाकीवरचा गडी कृष्णराजनं टिपला. आता आमचे दोघं, त्यांचे दोघं. कृष्णराज दाराशी. करिश्मा धुराड्याआड. तिच्या बंदुकीत एकही गोळी नाही.

आणि मला ऐकू आलं. ठप ठप. ठप ठप. जिना.

माझा स्पंज गार पडला. करिश्माच्या ओठांवर जुनाच शब्द येत होता. "आ..." तिच्या तोंडून तो निघाला असता तर डाव गेला असता, आणि संघातली तिची जागाही. मी जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं, स्वतःचा एक शब्द कधी काढला नव्हता. पण त्या क्षणी, मित्रांनो, भीतीनं माझ्या आत काहीतरी फाटलं आणि मी बोललो. मी स्वतः! "जिना, दोन!" कृष्णराज गर्रकन वळला. एक गेला. दुसरा गेला. सगळ्यांना वाटलं, करिश्माच बोलली. मी काही म्हणालो नाही. मोठेपणा असा मिरवायचा नसतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला कमी लेखू नका. वायर पिळून ठेवू नका, स्पंज पुसत जा, रागानं कुणाला भिंतीवर आपटू नका. वेळ आली तर एक भित्रा हेडफोनसुद्धा अख्ख्या मंगल कार्यालयात...

"खोटं! धडधडीत खोटं!" लक्ष्मीबाई हातातलं सूप तसंच घेऊन बाहेर आल्या. "ऐकू नगा रं लेकरांनो ह्याचं. म्या व्हते तिथं. ढोकीच्या अलीकडंच ह्याची वायर मोटारसायकलीच्या चाकात गेली आन् तुटली. समदा सामना हा माझ्या पिशवीत व्हता, भाकरीच्या फडक्याखाली!"

"मग जिना, दोन कोण म्हणलं, काकू?"

"कोण म्हंजी? माझी लेक! मोबाईल कानाला लावून पावलं ऐकायची आन् परत डोळ्याम्होरं धरायची, असं खेळली ती. आ म्हणली, हे तेवढं खरं. मग ताडकन उभी राह्यली आन् असं वरडली, 'जिना! दोन!' की वाढपी हातातलं ताट टाकून पळाला. ते धाराशिवचे दोघं समोरच बसलेले. त्यांनीबी ऐकलं, आन् भिऊन जिन्यावरच थांबले. कृष्णराजनं निवांत मारले त्यांना."

"चालतं का तसं?"

"पंचानं नियमाचा कागद चार येळा वाचला. वरडायचं न्हाय असं कुठंच लिवलेलं न्हवतं. आन् कृष्णराज म्हणला, काकू, पाया पडतो तुमच्या, हिला परत हेडफोन देऊ नका."