माझ्या पोटातले तीनशे बारा श्वास

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात तीनशे बारा मुलं श्वास घेतात. घाबरू नका. ती कोणाला काही करत नाहीत.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी रिकामी होते आणि तोरा मात्र फार होता. एका संशोधक बाईंनी मला घेतलं. सिमेंटच्या कारखान्याशेजारच्या शाळेत त्या मला घेऊन गेल्या. मुलं रांगेत उभी राहायची. बाई एकेकाच्या छातीला यंत्र लावून मिनिटभराचा श्वास माझ्यात भरायच्या. माझ्याकडे नुसते क्रमांक असत. कोणता क्रमांक कोणाचा आणि पुढे कोण आजारी पडलं, हे बाई एका वहीत लिहीत.

बाईंनी मला जिवापाड जपलं. पण आपलं काम कोणी पळवेल, ही एकच धास्ती त्यांना होती. म्हणून मी प्रयोगशाळेच्या कपाटात आणि वही वरच्या मजल्यावर, जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात. चोराच्या हाती एक लागलं तरी दुसरं लागू नये, अशी युक्ती. वहीवर नावही घातलं नाही, तेही मुद्दाम.

त्याच हिवाळ्यात मुलं आजारी पडू लागली. परगावच्या एका डॉक्टरांनी पत्र पाठवलं, की मला ते श्वास ऐकू द्या, कदाचित आजार आधीच ओळखता येईल. बाईंनी पत्र घडी करून माझ्याशेजारी ठेवलं. "आधी पेपर छापून येऊ दे," त्या म्हणाल्या, "मग बघू." पेपर छापून आला, बाईंचं कौतुकही खूप झालं. तोवर अकरा मुलं गेली होती. त्यांचे श्वास माझ्यात चालूच होते.

पुढे बाई निवृत्त झाल्या, मग वारल्या. रंगकाम निघालं तेव्हा भांडारपालांनी ती बिननावाची वही रद्दीत घातली. त्यांचा तरी काय दोष? मला कोणी सांगितलं नाही, पण त्या दुपारी माझ्या पोटात काहीतरी बदललं. तोवर मुलं आपापल्या लयीत श्वास घ्यायची. आता कपाटाजवळ पावलं वाजली, की सगळी एकदम श्वास रोखू लागली. कोणी आपलं नाव घेईल म्हणून. पावलं निघून जायची आणि तीनशे बारा उसासे एकदम सुटायचे. असं सोळा वर्षं चाललं. मी धातूची, पण माझ्याही अंगावर काटा यायचा.

मग एकदा पावलं थांबली आणि कपाट उघडलं. संस्थेत नव्याने लागलेली एक संशोधक ताई होती. कारखान्याशेजारची मुलं पुन्हा खोकू लागली होती. आजार कोणत्या श्वासात आधी दिसतो, हे तिला शोधायचं होतं. लहानपणी ती स्वतः त्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे तिचा धाकटा भाऊ होता. तो त्या अकरांतला.

तिने वहीची चौकशी केली. भांडारपाल म्हणाले,

"ताई, ती मीच रद्दीत दिली. वर नाव नव्हतं हो."

तिने मला संगणकाला जोडलं. हेडफोन लावून एक नंबरपासून ऐकायला बसली. तिसऱ्या दिवशी एकशे अठ्ठ्याऐंशी नंबर लागला. श्वासामागे एका लहान मुलीची कुजबुज होती.

"टिल्लू, हसू नकोस. बाई रागावतील."

श्वास अडखळला, आणि टिल्लू फिस्सकन हसला. ताईने टेबलावर डोकं टेकलं. माझ्या पोटातला एक श्वास मात्र मोकळा झाला.

माझ्यात काय आहे, कसं भरलं आणि काय हरवलं, हे ताईने एका पानावर लिहिलं. घरोघर जाऊन परवानगी घेतली आणि ते श्वास सगळ्या डॉक्टरांना खुले केले. पहिली मागणी त्या परगावच्या डॉक्टरांची आली. ते आता खूप थकले आहेत. मुलांच्या आयाही येऊन हेडफोन लावून बसतात. कोणी सुरसुरत्या नाकावरून ओळखतं, कोणी मागून हाक मारणाऱ्या मैत्रिणीवरून. एकेचाळीस मुलं सापडली.

मित्रांनो, तुम्ही काही मोजलंत, तर ते काय आहे आणि कोणाचं आहे, हे त्याच्याजवळच लिहून ठेवा, आणि कोणी मागितलं तर वेळेवर द्या. उशिरा दिलेलं कोणाला पुरलं नाही, हे मी पाहिलं आहे. अजून दोनशे एकाहत्तर मुलं बाकी आहेत. तुम्ही हे वाचायला जवळ आलात ना, तेव्हापासून त्यांनी श्वास रोखून धरला आहे.