खुंटीवरचा पट्टा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजण्याचे एक जुने यंत्र आहे. पोटात पारा, एक रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. दवाखान्यात काय थाट होता माझा! पुढे बॅटरीची यंत्रे आली आणि माझी रवानगी झाली थेट मेंढ्यांच्या प्रयोगशाळेत. जीव अगदी खट्टू झाला.

पण तिथे ताई होती. गाभण मेंढीचा आणि तिच्या पोटातल्या कोकराचा रक्तदाब कसा सांभाळला जातो, याचा ती अभ्यास करी. दोघांचे आकडे पडद्यावर उमटत. पडदा खरे बोलतो ना, हे तेवढे माझ्या पाऱ्याशी ताडून बघत. पट्टा मात्र खुंटीवर धूळ खाई.

ताई कौतुकाने सांगे, "रक्त कमी पडलं की मूत्रपिंडं निरोप धाडतात. त्यातून संप्रेरक तयार होतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. आणि हे पोटातलं चिमुरडं बघा, आपले निरोप आपणच धाडतंय. भलतं शहाणं!"

त्या वर्षी ताईलाही दिवस गेले होते. तिची लाडकी मेंढी राणीसाहेब आणि ती, दोघींची पोटे बरोबरीने वाढत होती. राणीसाहेबांचा दाब सारखा बघणारी ताई स्वतःच्या तपासणीला मात्र "उद्या जाते" म्हणे. पाय सुजले, डोके ठणकू लागले, तरी तिचा उद्या काही उजाडेना.

एका सकाळी ती पडद्यासमोर डोळे चोळत म्हणाली, "आज आकडे पुसट का दिसताहेत?"

मेंढ्यांच्या डॉक्टरकाकांनी पडद्याकडे नाही, तिच्या पायांकडे पाहिले. मग खुंटीवरून माझा पट्टा काढला.

"काहीतरीच काका! तुम्ही तर मेंढ्यांचे डॉक्टर."

"मग आजच्या दिवस मेंढी हो. राणीसाहेब बघ कशा गुमान उभ्या आहेत. हात दे."

किती वर्षांनी माणसाचा दंड! पण पारा चढला तो चढलाच. खोटे बोलता आले असते तर बरे, असे मला वाटले.

"काका, माझं बाळ?" ताईने पोटावर हात ठेवला.

"त्याच्यासाठीच निघायचंय. मी गाडी काढतो, ऊठ."

पुढे राणीसाहेबांचे कोकरू बागडू लागले, तरी ताईची खुर्ची रिकामीच. मी सारखा दाराकडे कान लावून असे. अखेर एके दिवशी ती आली, दुपट्यात इवलीशी लेक घेऊन. "थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागलो नसतो," ती काकांना म्हणाली आणि माझ्या पट्ट्यावरची धूळ तिने पदराने पुसली.

मित्रांनो, मला नाही पुसलेत तरी चालेल. पण तुमच्या घरी सगळ्यांचे करता करता जी स्वतःचे "उद्या बघू" म्हणते ना, तिला आजच म्हणा, "हात दे."