छिद्राचा केक

जर्मनीतल्या येना शहरातल्या एका प्रयोगशाळेत एक नियम होता. लेझरच्या वाटेतली छिद्राची चकती जो बिघडवेल, त्यानं शुक्रवारी केक आणायचा. भोक केसाहून बारीक. चकतीला बोट लावायचं नाही, कापूस तर नाहीच. धूळ बसली तर कोरड्या हवेची हलकी फुंकर. आणि झोत आधी मंद ठेवून भोकात नेमका बसवायचा, मगच वाढवायचा.

हे सगळं रोस्विता ट्राउटमान चौदा वर्षं इतरांना ऐकवत आली होती, आणि चौदा वर्षांत तिनं एकही केक आणला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या फोल्कमारनं नऊ आणले होते. दर वेळी ती म्हणे, "छान झालाय हो. हात केकमध्येच चालव तू."

एका मंगळवारी तिनं झोत मंद न करताच सोडला. भोकातून भिंतीवर पडणारा गोल ठिपका दबलेल्या बटाट्यासारखा दिसू लागला. भोकाची कड वितळली होती. चौदा वर्षांची अब्रू क्षणात गेली. बरं एवढंच, की अजून कुणाला पत्ता नव्हता.

तेवढ्यात नवे विभागप्रमुख डॉक्टर फायल आले, हातात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. "बाई, या चकतीवर धूळ दिसतेय."

एरवी तिनं त्यांचं मनगट धरलं असतं. आज म्हणाली, "दिसते खरी. मी कॉफी घेऊन येते."

परतली तेव्हा डॉक्टर भिंतीवरच्या वाकड्या ठिपक्याकडे बघत उभे, पांढरेफटक. "मी नुसतं हलकंसं पुसलं हो."

"होतं असं," ती मायेनं म्हणाली.

शुक्रवारी डॉक्टरांचा आलुबुखाराचा केक आला. बिघडलेली चकती सगळ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा रिवाज, पहिला नंबर फोल्कमारचा. बराच वेळ वाकून राहिला. मग "पुसलेलीच आहे" म्हणत त्यानं चकती खिशात टाकली आणि रोस्विताशेजारी येऊन बसला.

"पुसल्यानं पातळ पत्र्याला सुरकुती पडते गं," तो हळूच म्हणाला. "कड वितळत नाही."

"सांगणारेस?"

"मी कशाला सांगू? मला आपला चेरीचा आवडतो. पुढच्या शुक्रवारी."

चेरीचा झाला, मग सफरचंदाचा, मग खसखशीचा. रोस्विताला अंडंही धड फोडता येत नव्हतं. पहिल्या केकात सुरी शिरेना. काहीच न बिघडवता ही केक कशी आणते, याचं लोकांना कोडं. डॉक्टर फायल मात्र भरल्या तोंडानं सांगत, "चूक माझी, आणि लाज वाटू नये म्हणून बाई दर शुक्रवारी राबतात. याला म्हणतात मोठेपणा."

फोल्कमार गंभीरपणे मान डोलावी आणि दुसरा तुकडा मागे. रोस्विता तो मुकाट्यानं कापून देई.