आतून तपकिरी

पहिला टोमॅटो लाल व्हायला अडीच महिने लागले, आणि तो कापल्याबरोबर साबणताईने हात मागे घेतला. बाहेरून फळ बरं होतं, देठाशी थोडे पिवळट डाग, एवढंच. आत मात्र सालीलगत सगळीकडे तपकिरी पट्टे पडले होते, किडलेल्या दातासारखे. तसले दात ती रोज बघायची, पण ते कोणी ताटात वाढत नाही.

तिने सुरी खाली ठेवली तोवर सासऱ्यांनी एक फोड उचलून तोंडात टाकलीसुद्धा.

"आप्पा! थुंका आधी ते!"

"का? चव आहे की." चावता चावता ते जरा थांबले. "लाकडासारखा लागतोय थोडा. पण घरचा आहे ना."

हनुवटीवर रस ओघळला. तो त्यांनी बोटांनी पुसला आणि बोटं विजारीला पुसली. साबणताईने तोंड फिरवलं.

साबणताई हे नाव तिला दाताच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं. हत्यारं धुवायची, उकळायची, पिशव्यांत बंद करायची, हे काम ती चौदा वर्षं करत होती. नवीन मुलगी कामाला आली की चिमटा उजेडात धरून ती सांगायची, "सांध्यात बघ. घाण नेहमी सांध्यात बसते." पू, रक्त, लाळ, कशाचंच तिला काही वाटत नसे. घरी मात्र ओट्यावरचा ओला फडका बघूनही तिच्या अंगावर काटा यायचा. नवरा म्हणायचा, "हिच्या हातात असतं तर मलाही उकळून ठेवलं असतं."

आप्पा दोन वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्यावर, त्यांच्याकडे राहायला आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. डब्यातली सुटी तंबाखू कागदात वळून ओढायचे. उजव्या हाताची पहिली दोन बोटं नखांपर्यंत पिवळी, कडेने काळपट. गॅलरीत साबणताईच्या टोमॅटोच्या नऊ कुंड्या होत्या आणि त्यांच्या मधोमध आप्पांचं स्टूल. झाडावरून हात फिरवायचे, पान आणि खोडाच्या बेचक्यात आलेली नको ती फूट नखाने खुडायचे, परत सिगरेट वळायचे. "मशीन आहे हे," म्हणायचे. "जास्तीचा भाग काढला की नीट चालतं."

तो टोमॅटो फेकून ती गॅलरीत गेली आणि पहिल्यांदाच झाडं शेंड्यापर्यंत नीट निरखली. चार झाडांची पानं कुठे फिकट, कुठे गडद हिरवी झाली होती, त्वचारोग झाल्यासारखी. शेंड्याकडची पानं आक्रसून बुटाच्या नाडीएवढी बारीक झाली होती. एका पानावर फोड आल्यासारखे उंचवटे होते. तिने ते बोटाने दाबून बघितलं आणि लगेच हात धुवायला पळाली.

दुसऱ्या दिवशी दोन पानं पिशवीत घालून ती रोपवाटिकेत गेली. तिथली बाई पिशवी बघूनच दोन पावलं मागे सरली.

"उघडू नका इथे. बाहेरूनच दिसतंय. व्हायरस आहे."

"फवारायला काय देता?"

"काही नाही. याला औषधच नाही. उपटा, पिशवीत बांधा, कचऱ्यात द्या. खतात घालू नका."

"पण आला कुठून?"

"बियाण्यातून येतो. हातातून येतो, कात्रीतून येतो. तंबाखूतून पण येतो म्हणतात. घरात कोणी ओढतं का?"

यातलं शेवटचं वाक्य तेवढं साबणताईच्या डोक्यात राहिलं. घरी पोचेपर्यंत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"आप्पा, आजपासून झाडांना हात लावायचा नाही."

आप्पा फूट खुडत होते. हात तसाच राहिला. "काय झालं?"

"तुमच्या तंबाखूने रोग आणलाय. या बोटांनी. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तुम्हीच पसरवलात."

त्यांनी बोटं बघितली, मग दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले. घड्याळाचा एखादा बारीक भाग हरवला की होत असेल तसा चेहरा झाला त्यांचा. "मला काय माहीत," एवढंच म्हणाले.

चार रोगी झाडं तिने गॅलरीच्या एका टोकाला ओढली. उपटायचा धीर झाला नाही. त्यांच्यावर अजून फळं होती. उरलेल्या पाचांपैकी दोन अगदी टवटवीत दिसत होती. ती तिने झोपायच्या खोलीच्या खिडकीत नेली. तिथे आप्पा पाऊलही टाकत नसत.

पण गोष्ट झाडांवर थांबली नाही. त्यांनी दार उघडलं की ती कडी पुसायची. मग त्यांचा कप वेगळा झाला, टॉवेलची खुंटी वेगळी झाली. जेवताना ते भांड्यातून डावाने वाढून घ्यायचे तेव्हा तिची नजर त्या नखांवरून हटत नसे आणि घास तोंडात फिरत राहायचा. आप्पा दिवसातून आठ-दहा वेळा साबणाने हात धुवायला लागले. ओढायला खाली, इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. मग जेवायलाही उशिरा यायला लागले, सगळ्यांचं झाल्यावर.

"अगं, तो माझा बाप आहे, झुरळ नाही," नवरा एकदा म्हणाला.

"मी काही बोलले का त्यांना?"

"बोलायची काय गरज आहे? चेहरा बघ आरशात."

दहा-बारा दिवसांनी, रविवारी सकाळी, ती नेहमीप्रमाणे कात्री घेऊन खालची वाळकी पानं कापायला बसली. आधी गॅलरीतली झाडं केली, मग खिडकीतली दोन. दुसऱ्या झाडाचा शेंडा वळवून बघितला तर पानावर तेच फिकट-गडद ठिपके. पहिल्याच्या शेंड्यावरही. आप्पांचा हात या झाडांना लागलाच नव्हता. मग कोणाचा लागला?

कात्री तिच्या हातातच होती. पात्यांवर हिरवा रस वाळून काळा झाला होता. तिने ती उजेडात धरली. सांध्यात, स्क्रूच्या भोवती, काळसर चिकट थर साचला होता, महिन्यांचा. तिने नखाने खरवडला. मऊ निघाला. वास आला, हिरवा आणि उग्र, त्याखाली काहीतरी कुजल्यासारखा. दर रविवारी ही कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली होती. रोगी झाडं वेगळी केल्यावरसुद्धा, आधी ती आणि मग ही. एकदाही धुतली नव्हती.

 तोंडावर हात धरला, तर हाताला तोच वास.

आप्पा खाली पायऱ्यांवर होते. ती तशीच कात्री घेऊन गेली.

"आप्पा, माझ्यामुळे झालं. ही कात्री बघा."

त्यांनी कात्री घेतली, डोळ्याजवळ नेली, पाती उघडली, मिटली. "सांधा घाण आहे," ते म्हणाले.

"सुरुवात कशाने झाली देव जाणे. पण पसरवला मी. चुकले मी, आप्पा."

त्यांनी कात्री तिच्या हातात परत दिली. हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. मग म्हणाले, "कप वेगळा केलास. तो काही टोमॅटोसाठी नव्हता."

खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते जमलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या बोटांची मला पहिल्यापासून किळस येते. तुम्ही आलात तेव्हापासून. टोमॅटोचं निमित्त मिळालं."

आपण काय बोलून बसलो हे तिला मागाहून कळलं. आप्पा मात्र चिडले नाहीत. हात पुढे धरून त्यांनी बोटं अशी बघितली, जणू दुसऱ्या कोणाची आहेत.

"तुझ्या सासूलाही यायची," ते म्हणाले. "मलाही येते. पण सुटत नाही ग." मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल, उपटून टाकू सगळी. ठेवून काय करायचंय?"

दोघांनी पिशव्या घेतल्या. खोडं कचकन मोडत होती, रस मनगटापर्यंत ओघळत होता. कच्ची फळं पिशवीच्या तळाशी पडून फुटली. प्रत्येकात तोच तपकिरी पट्टा. साबणताई दोनदा बेसिनकडे पळाली. आप्पा खोकत, शिव्या देत मुळं ओढत राहिले. मातीही पिशव्यांत गेली. तिने कुंड्या घासायला काढल्या आणि कात्री उकळत्या पाण्यात टाकली. "त्याने धार जाईल," आप्पा म्हणाले. "जाऊ दे," ती म्हणाली.

दुपारी नवरा घरी आला. दारातच थबकून त्याने नाकाला रुमाल लावला. दोघांच्याही कपड्यांवर, केसांत, कोपरापर्यंत काळपट हिरवे ओघळ होते.

"शी! काय मेलंय इथे?"

"नऊ झाडं," आप्पा म्हणाले. "जेवायला वाढ सूनबाई, आज बरोबरच बसू. आधी तू आंघोळ कर. तुझ्या अंगाला फार वास येतोय."