पहिल्या वर्षाचा वर्ग

"पहिल्या वर्षाचा वर्ग सोडू नकोस. आणि फळ्यावर आलेख काढायच्या आधी मुलांना बाजारात फिरवून आण."

मला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाई असं सांगायच्या. त्या गेल्या, पण त्यांना दिलेला शब्द मी पाळत आले. माझं संशोधनही त्याच बाजारातून निघालं: दुसरा जास्त पैसे देत असताना फळवाली नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी चांगली फळं बाजूला का ठेवते?

यंदा विभागप्रमुखांनी मला संशोधन केंद्र देऊ केलं. काम मनाजोगतं, पण शिकवणं बंद. "सकाळी फोन करतो, तेव्हा काय ते सांगा," म्हणाले.

सकाळी जप होईपर्यंत माझं मौन असतं. फोन नेमका तेव्हाच वाजला. ह्यांनी उचलला. मी मान हलवली, हात हलवले, डोळे वटारले.

"घेईल की ती! तिची ना नाही," ह्यांनी सांगूनही टाकलं.

जप आटोपताच मी म्हटलं, "अहो, मी थांबा म्हणत होते!"

"मला वाटलं, दूध उतू चाललंय."

हसू आलं, पण पहिल्या वर्षाचा वर्ग हातचा जात होता. तशीच कॉलेजात गेले.

"केंद्र सांभाळते सर, पण पहिलं वर्ष माझ्याकडे राहू द्या."

"तास वाटून झाले हो. एक उरलाय, सकाळी सातचा. तो कुणालाच नकोय." प्रमुख गालात हसले. "आणि तुमचं तर तेव्हा मौन! मुलांना काय खुणांनी शिकवणार? खुणांचं काय होतं ते पाहिलंत ना?"

माझा फजितवाडा ह्यांच्या फोनवरून इथवर पोचला होता तर.

"द्या तो तास," मी म्हटलं. "देव लवकरच उठलेला असतो सर. उशीर माझाच होतो."

पहिल्या दिवशी उजाडायच्या आतच जप झाला. पांघरुणातून आवाज आला, "बोलतेयस का आज?"

"बोलतेय. दुधाकडे बघा."

मुलांना सातला बाजाराच्या फाटकाशी बोलावलं होतं. खडूची डबी पिशवीत होती, ती काढून टेबलावर ठेवली. आज तिचं काम नव्हतं. मग दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले.