दाराजवळचा बाक

माझी नात साक्षी हिचं लग्न झालं ते वर्ष २०२२. फेब्रुवारी महिना होता. कोरोनाची भीती नुकतीच सैल झाली होती, त्यामुळे रायपूरजवळच्या बीरगांवच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये बऱ्याच दिवसांनी सगळी माणसं एकत्र जेवायला बसली होती. मांडवात पंगत चालू असताना प्रल्हाद आपलं ताट घेऊन फाटकाबाहेर गेला आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत एकटा जेवायला बसला. मंडळीतल्या कोणाला त्याचं काही वाटलं नाही. तो नेहमीच तसं करायचा.

साक्षी रायपुरातच वाढलेली. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर हिंदीत देते. नवरीच्या साडीत माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "आजी, प्रल्हाद चाचा बाहर क्यों खा रहे हैं? उन्होंने किया क्या है?"

केलं काय होतं ते मला ठाऊक होतं. पण अजून का, हे सांगता येईना. मी तिला पाहुण्यांकडे पिटाळलं.

प्रल्हाद शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचा. त्या लग्नाच्या पाच वर्षं आधी त्याची दारू फार वाढली होती आणि तो बायकोला, कुमुदला, मारायचा. त्याचा थोरला भाऊ यशवंतराव आणि मी, आम्ही दोघं मंडळीचे वडील. मंडळीतल्या माणसांचं बरंवाईट जे पाहतात त्यांना आम्ही वडील म्हणतो. बाई असले तरी मीही वडीलच. शास्त्रात, म्हणजे बायबलात, सांगितलंय त्याप्रमाणे यशवंतराव आधी एकटे भावाकडे गेले आणि त्याला समजावून आले. ऐकलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा मला सोबत नेलं. तेव्हाही तो आमच्या तोंडावर हसला. मग गुड फ्रायडेच्या, आमच्या उत्तम शुक्रवारच्या, आदल्या संध्याकाळी तो पिऊन प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, आला. यशवंतरावांनी प्याला त्याच्या हाती दिला नाही, तर त्यानं तो हिसकावून भिंतीवर फेकला. कुमुदच्या पांढऱ्या पदरावर द्राक्षरसाचे डाग उडाले.

पुढच्या रविवारी यशवंतरावांनी सगळं मंडळीपुढे मांडलं. सख्खा भाऊ म्हणून एक शब्द कमी केला नाही. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र वाचलं गेलं. अशा माणसाला आपल्यातून दूर करा, त्याच्याबरोबर जेवूही नका, असं त्यात आहे. सगळ्यांनी हात वर केले. प्रल्हादला प्रभुभोजन बंद, आमच्या ताटाजवळ त्याचं ताट बंद. उपासनेला यायचं, पण दाराजवळच्या बाकावर बसायचं.

आम्हाला वाटलं, तो पुन्हा येणारच नाही. काही महिने आलाही नाही. मग एका रविवारी आला, आणि आमच्या आधी आला. उरल्याची काळी धूळ आमच्या बाकांवर रोज बसते. ती त्यानं ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. दारू सुटली होती. तेव्हापासून दर रविवारी तो बाक पुसायचा, उपासनेत दाराजवळ बसायचा, आणि भाकर मोडायची वेळ झाली की उठून बाहेर जायचा. जाताना दार स्वतःच ओढून घ्यायचा, कारण रस्त्यावरून ट्रक गेला की धूळ थेट प्रभुभोजनाच्या मेजावर येते. भोजन होईपर्यंत बाहेर चपलांजवळ उभा राहायचा. कोरोनात सरकारनं सगळ्यांना लांब लांब बसवलं तेव्हा तो कुमुदला म्हणाला होता, "आता सगळेच माह्यासारखे झाले."

लग्नाचा मांडव उतरल्यावर मी यशवंतरावांकडे गेले. दोघा भावांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. यशवंतराव खाटेवर बसले होते. हृदयाचा आजार बळावला होता, दोन वाक्यं बोलली की थांबावं लागायचं. मी विचारलं, प्रल्हादचं पुढे काय?

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही काहून नाही काढला इतके दिवस विषय?"

मी म्हटलं, "तुमच्या भावाचा विषय. तुमच्या आधी आम्ही कसा काढणार?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे कुमुद भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.

"मी वाट पाहून राहिलो होतो मंदाबाई, की तुम्ही कोणी बोलाल. मी बोललो असतो तं लोक म्हणाले असते, भावासाठी नियम वाकवला."

म्हणजे आम्ही त्यांचा मान राखून गप्प होतो आणि ते मंडळीचा मान राखून गप्प होते. तिकडे प्रल्हाद दर रविवारी दार ओढून घेत होता. शिक्षा दिली तेव्हा ती कधी संपणार हे आम्ही कोणीच ठरवलं नव्हतं. ठरवायचं असतं, हेच सुचलं नव्हतं.

यशवंतराव म्हणाले, डॉक्टरांनी फार दिवस सांगितलेले नाहीत. मरायची भीती नाही, पण माझ्या मातीच्या दिवशीही प्रल्हाद चपलांजवळ उभा राहील, ते डोळ्यांपुढून जात नाही.

मार्चमध्ये आमच्याकडे नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले, शिशिर नावाचे. ते रायपुरात पुरानी बस्तीत भाड्यानं राहतात आणि मोटारसायकलवरून येतात. पहिल्याच उपासनेनंतर त्यांनी विचारलं, तो माणूस बाहेर का गेला? आम्ही सांगितलं. ते म्हणाले, बरोबर केलंत. मग विचारलं, पौलानं त्याच मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र कधी वाचलंत?

मी वाचायला शिकले ते म्हातारपणी, मंडळीतल्या बायकांच्या वर्गात. मी घरी येऊन माझं शास्त्र उघडलं. पहिल्या पत्राची ती पानं बोटांनी मळलेली होती, दुसऱ्याची कोरी. बोट ठेवून वाचत गेले. त्यात पौल लिहितो की बहुतेकांनी मिळून जी शिक्षा केली ती त्या माणसाला पुरे झाली. आता उलट त्याला क्षमा करा, धीर द्या, नाही तर तो दुःखात बुडून जाईल. मी ते पुन्हा वाचलं आणि यशवंतरावांकडे जाऊन त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अजून एकदा वाचा.

शिशिर पाळकांनी आम्हा दोघांना आणखीही सांगितलं. पहिल्या काळातल्या मंडळ्यांत असे लोक दाराशी उभे राहायचे आणि आत जाणाऱ्यांना म्हणायचे, माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि आत जाणारे ती करायचे. मग काही ठिकाणी पुनरुत्थानाच्या सणाआधी, म्हणजे ईस्टरआधी, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना आत घ्यायचे. बाहेर उभं करायचं ते परत आणण्यासाठीच. यशवंतरावांनी विचारलं, "आम्ही केली का कधी त्याच्यासाठी प्रार्थना?" मला तरी आठवेना.

पाळक आधी कुमुदकडे गेले, मीही होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, मार तुम्ही खाल्लाय, तुमचं मन झाल्याशिवाय आम्ही काही करणार नाही. कुमुद तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मारत नाही आता. ओरडतही नाही. माहं मन तं कधीच झालं होतं, पण मले विचारलं कोणी?" मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "घ्या बाप्पा त्याले आत. रविवारी घरी येतो अन् भिंतीकडे तोंड करून झोपतो."

ठरलं असं, की झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी विषय मंडळीपुढे ठेवायचा. प्रल्हादला आधी सांगायचं नाही, कारण मंडळी नाही म्हणाली तर त्याला दुसऱ्यांदा लागेल.

पण त्यात आमची एक चूक झाली. उपासना लांबली, पाळकांनी मेजावरचं पांढरं कापड उचललं, आणि ते पाहून प्रल्हाद नेहमीसारखा उठला, बाहेर गेला, दार ओढून घेतलं. आम्ही बोलायच्या आतच.

पाळकांनी त्याच्या पाठीमागेच विषय मांडला. मी दुसऱ्या पत्राचा तो भाग वाचला, सावकाश, अडखळत. त्याला आत घ्यायचं का, असं पाळकांनी विचारलं. मग सगळे हात वर झाले. कुमुदचा पहिला होता. पाळक दाराकडे निघाले, तर यशवंतराव काठी टेकत उठले आणि म्हणाले, "मी जातो. मीच काढलं होतं."

बाकांच्या मधून जायला त्यांना वेळ लागला. दोनदा थांबले. कोणी हात द्यायला गेलं नाही, द्यायचा नव्हताच. त्यांनी दार उघडलं. बाहेर प्रल्हाद चपला सरळ करत होता. भावाला दारात पाहून तो घाबरला.

"दादा, काय झालं? तब्येत बिघडली काय?"

"आत ये."

प्रल्हाद जागचा हलला नाही. रस्त्यावरून सळ्यांनी भरलेला ट्रक गेला. "दादा, दार लावा आधी," तो म्हणाला. "धूळ येते मेजावर."

"येऊ दे," यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी त्याचा हात धरला. "मंडळीनं बोलावलंय तुले. चाल."

तेव्हा प्रल्हादला कळलं. तो फक्त "हव" म्हणाला, म्हणजे हो, इकडच्या लोकांसारखा, आणि लहान पोरासारखा भावाच्या मागून आला. पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग मी ठेवला. भाकर त्याला यशवंतरावांनी दिली. खरं तर तो मान पाळकांचा, पण शिशिर पाळकांनी ताटलीच त्यांच्या हाती ठेवली. प्रल्हादनं प्याला घेतला तेव्हा कुमुदनं खालून आपला हात लावला. दार उघडंच राहिलं होतं. मेजावर धूळ आली, आणि उपासना संपल्यावर कुमुद ती पुसत होती, तर प्रल्हाद म्हणाला, "राहू दे, ते माहं काम आहे."

त्या दुपारी यशवंतरावांच्या घरी दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून जेवले. कोंबडीचा रस्सा होता. यशवंतराव म्हणाले, मीठ कमी आहे. प्रल्हाद म्हणाला, डॉक्टरनं सांगितलंय तितकंच आहे, खा गुपचूप. मी तिथेच भिंतीला टेकले होते. जेवणानंतर दोघंही तिथेच आडवे झाले आणि घोरायला लागले. मला किती मोकळं वाटलं ते सांगता येणार नाही. साक्षीला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "चलो, अच्छा हुआ. अगली बार अंदर बैठाना." मी म्हटलं, बसवू.

दाराजवळचा बाक अजून आहे. उशिरा येणारे त्यावर बसतात. भाकर मोडताना दार लावायचं काम आता ज्याला आठवेल तो आतून करतो.

यशवंतराव १९ नोव्हेंबर २०२२ रोजी, शनिवारी सकाळी, आपल्या घरी वारले. प्रल्हाद त्यांच्याजवळ होता, आणि मातीला त्यानं पुढून खांदा दिला.